खड्गपंडिताचे हात

एकतीस वर्षं मी दर शनिवारी दुपारी डोरीनच्या तळघरात बसून एकच वाक्य बोलत आलो. ते वाक्य म्हणजे, "मी मारतो." एवढं बोलून वीस पैलूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर समोरचा राक्षस आडवा, लहान पडला तर पुढच्या पाळीला पुन्हा, "मी मारतो." माझ्या पात्राचं नाव थुड. त्याच्याकडे एक कुऱ्हाड होती आणि शिरस्त्राण ठेवण्यापुरतं डोकं होतं. आठवडाभर काउंटीच्या कचेरीत कुत्र्यांचे परवाने देणाऱ्या माणसाला शनिवारी तरी विचार करायला लागू नये, यापलीकडे माझी या खेळाकडून काही अपेक्षा नव्हती.

खेळ तसा सोपा आहे, म्हणजे चुकीच्या माणसांच्या हाती पडेपर्यंत सोपा असतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि अडेल तिथं फासे निकाल देतात. आमच्याकडे गोष्ट सांगायची डोरीन. ती शाळेत ग्रंथपाल होती, आणि निवृत्त झाल्यावरही तिचा आवाज निवृत्त झाला नाही. ऐकणारे दोघं, मी आणि व्हर्न कोझिक. व्हर्न काउंटीचा मोजणीदार. विस्कॉन्सिनच्या आमच्या कोपऱ्यात असा बांध नसेल ज्यावर त्यानं कधी ना कधी मोजपट्टी धरली नाही. साहजिकच त्यानं खेळातला सगळ्यात किचकट प्रकार निवडला होता. त्याचं पात्र हाल्वर, आणि हाल्वर होता खड्गपंडित.

खड्गपंडित म्हणजे तलवारीत डॉक्टरेट केलेला माणूस. त्याचे पाच पवित्रे आणि तेवीस डाव. प्रत्येक डावाला इतका-इतका दम लागतो. पवित्रा बदलला की अर्धे डाव बंद आणि उरलेल्यांचा दम दुप्पट. शिवाय दुसऱ्याची पाळी चालू असताना मध्येच "थांब, माझं प्रत्युत्तर" म्हणायची सोय. हे सगळं व्हर्ननं एका जाडजूड फायलीत, एकेका डावाचं एकेक कार्ड करून, मोजणीदाराच्या बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. तो विचार करत असताना मी सँडविच संपवायचो आणि दुसरं करून आणायचो.

दोन वर्षांपूर्वी शुक्रवारी मासे खायला गेलो होतो तेव्हा व्हर्नच्या हातातून काटा पडला. त्यानं उचलला, पुन्हा पडला. मी म्हटलं, बिअर बेतानं घे. पुढं डॉक्टरांनी जे सांगितलं त्या आजाराचं नाव लांबलचक होतं आणि मुदत आखूड. आधी हात गेले, मग पाय. नोव्हेंबरात, आवाज जायच्या बेतात असताना, त्यानं मला शुश्रूषागृहात बोलावून घेतलं. एकेका शब्दाला तो जिना चढल्यासारखा धापा टाकत होता.

"हाल्वरला... पुलापर्यंत ने," तो म्हणाला. "हात तुझे. डोकं माझं."

पूल म्हणजे काळ्या गढीचा पूल. आमची गोष्ट बावीस वर्षं त्या पुलाच्या दिशेनं चालली होती. मी म्हटलं, नेईन की, त्यात काय. मग त्यानं खूप वेळ दम साठवला.

"त्याला अंथरुणात मरू देऊ नकोस."

हे काय ते मला लगेच कळलं. हाल्वरच्या तेविसाव्या कार्डावर लिहिलं होतं, अखेरचा डाव. हा आयुष्यात एकदाच वापरता येतो. सोबत्यावर पडणारा घाव आपण स्वतःवर घ्यायचा. सोबती वाचतो, खड्गपंडित पडतो, आणि पडला की उठत नाही. बावीस वर्षांत व्हर्ननं तो कधी खेळला नव्हता. आता त्याला तो खेळून टाकायचा होता, स्वतःच्या आधी. मी त्याचा हात हातात घेतला. तो फार हलका लागला, आणि मी उगाचच हवामानावर बोलत बसलो.

फाईल घरी आणली तेव्हा मला अजिबात काळजी नव्हती. मी सरकारी माणूस आहे, फायलींना घाबरत नाही. तिसऱ्या पानावर माझं डोकं दुखायला लागलं. सातव्या पानावर मी मार्लिसला, म्हणजे माझ्या बायकोला, हाक मारली. तिनं दहा मिनिटं वाचून सांगितलं की यात काही अवघड नाही, तू घाईनं वाचतोस. लग्नाला तेहेतीस वर्षं झाल्यावर माणूस यावर काही बोलत नाही.

शेजारच्या हार्लनला मात्र कुणी विचारलंच नव्हतं. हार्लन हायस्कूलच्या पोरांना कुस्ती शिकवायचा. त्यामुळे जगात जिथं 'डाव' हा शब्द निघेल तिथं आपला अधिकार आहे अशी त्याची समजूत. आमच्या दारातलं बर्फ यंत्रानं उडवायला म्हणून तो आला आणि स्वयंपाकघरात येऊन बसला. त्यानं तेवीस कार्डं टेबलावर पसरली, कॉफी मागितली, आणि खड्गपंडिताचा खरा प्रश्न त्याच्या कमरेत आहे असं निदान केलं. मग म्हणाला, आखाड्यात पोराला विचार करायला वेळ नसतो, त्याला रंग दिसला पाहिजे. प्रत्येक कार्डाच्या पाठीला रंगीत कागद चिकटव. हल्ल्याचे पिवळे, बचावाचे हिरवे, आणि तो मरायचा एक आहे ना, तो लाल.

सल्ला इतका सोपा होता की मला तो शहाणपणाचा वाटला. मी त्याच दुपारी गोंदाची कांडी घेऊन बसलो आणि तेवीसच्या तेवीस कार्डांच्या पाठी रंगवून टाकल्या. पाठीवर व्हर्नची काही पेन्सिलीची टिपणं दिसत होती, पण ती मोजणीदाराची आकडेमोड असणार असं मी धरून चाललो. आणि कागद चिकटवायला घेतल्यावर वाचत कोण बसतं?

प्रत्युत्तराची तालीम मार्लिसनं घेतली. डोरीनच्या टेबलावर एक जुना कायदा होता. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत "थांब, माझं प्रत्युत्तर" म्हणायचं. मग ती विचारणार, "कोणता डाव?" आणि अंडी उकडायचं वाळूचं घड्याळ उलटं करणार. वाळू संपेपर्यंत डावाचं नाव सांगायचं. नाही सांगितलं तर झालं ते झालं, मागं फिरणं नाही. एकतीस वर्षांत डोरीननं एकदाही कुणाला मागं फिरू दिलं नव्हतं. म्हणून मार्लिस मला बेसावध गाठायची. आंघोळीहून येताना, औषधाच्या दुकानात रांगेत, लाल दिव्याला गाडी थांबली असताना ती हात उगारून म्हणायची, "राक्षस तुझ्या सोबत्यावर..." आणि मी ओरडायचो. जानेवारीअखेर मी इतका तयार झालो की कचेरीत एका गृहस्थानं स्वतःच्या कुत्र्याला थोपटायला हात उचलला तर मी खिडकीतून म्हणालो, "थांबा, माझं प्रत्युत्तर." त्यानं परवाना शेजारच्या काउंटीतून काढला असं मागाहून कळलं.

शुश्रूषागृहाचं प्रकरण वेगळंच. तिथं आपल्या माणसाशी दोन तास टेबलावर खेळायचं तर अर्ज लागतो. मी आयुष्यभर लोकांना अर्ज देत आलो, तेव्हा हा आपला प्रांत, असं समजून पेन काढलं. उपक्रमाचं नाव, हेतू, सहभागींची संख्या इथवर ठीक होतं. पुढं विचारलं होतं, 'उपक्रमात हिंसा आहे काय?' मी प्रामाणिकपणे लिहिलं, आहे. 'असल्यास किती?' मी लिहिलं, राक्षसांच्या संख्येवर अवलंबून. अर्ज परत आला. दुसऱ्या खेपेला उपक्रम विभागाच्या बाईंनी फासे तपासायला मागितले आणि म्हणाल्या की हे रहिवासी गिळू शकतात. मी म्हटलं, व्हर्नला पाणीसुद्धा नळीनं द्यावं लागतं. त्या म्हणाल्या, व्हर्नचं नाही, बाकीच्यांचं म्हणतेय. शिवाय चार पैलूंचा फासा टोकदार आहे.

बाई वाईट नव्हत्या. नियम त्यांच्या गळ्यात होता, जसा तो रोज माझ्या गळ्यात असतो, आणि खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभं राहिल्यावर आपण लोकांना कसे दिसतो ते मला पहिल्यांदाच दिसलं. शेवटी तोडगा निघाला. फासे झाकणबंद बरणीत ठेवायचे आणि बरणी हलवायची. मार्लिसनं लोणच्याच्या काकड्यांची बरणी धुऊन दिली. आता आमच्यात एक रीत आहे, दुसऱ्याच्या फाशाला हात लावायचा नाही. व्हर्नचा फासा निळा, शाळेत असल्यापासूनचा, कडा झिजून गोटीसारखा झालेला. आकड्यांत त्यानं स्वतः मेणाचा खडू घासून भरला होता. हात लावायचा नाही म्हणून डोरीननं तो घरच्या चिमट्यानं उचलून बरणीत टाकला. व्हर्न ते डोळे न हलवता बघत होता. फाशाला पुढं कायम व्हिनेगरचा वास येत राहिला.

त्याचा आवाज तोवर पूर्ण गेला होता. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. मी मोठ्या अभिमानानं रंगीत कार्डं त्याच्यापुढं धरली. आधी पुढची बाजू दाखवली, मग पाठ. त्यानं डोळे दोनदा मिटले. पुन्हा दोनदा. मग पुन्हा, आणि पुन्हा. डोळ्यांतून पाणी आलं. मी डोरीनला हळूच म्हणालो की बिचारा किती भारावलाय बघ. हार्लनचे आभार मानायचं मी मनात नोंदवून ठेवलं.

पहिल्या शनिवारी मी हाल्वरला बचावाच्या पवित्र्यात उभा करून हल्ल्याचे डाव मागितले. दुसऱ्या शनिवारी सगळा दम पहिल्याच लांडग्यावर खर्च केला आणि उरलेल्या लांडग्यांपुढं जगातला सर्वांत विद्वान तलवारबाज नुसता उभा राहिला. थुड तेवढ्या काळापुरता डोरीन चालवायची, आणि लाज वाटायची गोष्ट अशी की माझ्यापेक्षा बरा चालवायची. समोरच्या खोलीतल्या मिसेस टोलेफसन चाकाची खुर्ची ढकलत बघायला येऊ लागल्या. वय एक्क्याण्णव. स्वतःच्या लेकीचं नाव त्यांना आठवत नसे. पण तिसऱ्या शनिवारी त्या माझ्या कोपराला टोचून म्हणाल्या, "अरे पोरा, पवित्रा बदल. तुझे हिरवे सगळे बंद पडलेत." मी बघितलं, खरंच पडले होते. व्हर्ननं डोळे एकदा मिटले. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाच्या अब्रूचं आणखी काय व्हायचं राहिलं असेल ते राहिलं असेल.

पण खरं सांगतो, त्यानंतर जमायला लागलं. मी कार्डावर बोट ठेवायचो, व्हर्नकडे बघायचो, एकदा किंवा दोनदा, आणि बरणी हलवायचो. हाल्वर पुन्हा हाल्वरसारखा लढायला लागला. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी तर व्हर्नच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. नर्स म्हणाली, तो स्नायूंचा झटका आहे. मी बरणी पुन्हा हलवली.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुलावर पोचलो. व्हर्न त्या दिवशी फार फिका दिसत होता आणि दोन पापण्या मिटायलाही त्याला वेळ लागत होता. डोरीननं ते पाहिलं होतं. तिनं इकडचं तिकडचं काही न करता गोष्ट थेट पुलावर आणली. धुकं, खाली खोल दरी, समोर गढीचा राजा. आणि थुड नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढं.

"राजा तलवार दोन्ही हातांनी उचलतो," डोरीन म्हणाली, "आणि थुडच्या मानेवर..."

"थांब, माझं प्रत्युत्तर," मी म्हणालो. इतक्या वेळेवर मी आयुष्यात काही बोललो नव्हतो.

"कोणता डाव?" तिनं विचारलं आणि घड्याळ उलटं केलं.

लाल कार्ड माझ्या हातातच होतं. शोधावं लागलं नाही, हार्लनचं तेवढं बरोबर होतं. मी ते व्हर्नसमोर धरलं. त्यानं डोळे मिटले, एकदा. उघडले.

"नक्की?" मी विचारलं.

एकदा.

"व्हर्न, म्हणजे हाल्वर जाईल. मग तो परत नाही. कळतंय ना तुला?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. पापण्या खाली आल्या, फार सावकाश. मला वाटलं एकदा झालं. मला वाटलं दुसऱ्यांदाही होईल. मी त्या दुसऱ्यांदाची वाट बघत बसलो. मनातून मला ती हवी होती. थुड काय, कागदावरचा आडदांड. पण हाल्वर गेला की मग या खोलीत जायचं राहिलेलं एकच माणूस उरत होतं, आणि ते मला तोंडानं म्हणायचं नव्हतं. वाळू संपली. मिसेस टोलेफसन म्हणाल्या, "गेली वेळ."

डोरीननं बराच वेळ घड्याळाकडे बघितलं. मग बरणी हलवली, आकडा वाचला, आणि वाक्य पुरं केलं. थुड मेला. एकतीस वर्षं "मी मारतो" म्हणणारा थुड माझ्याच उशिरानं गेला. हाल्वर पुलावर धडधाकट उभा राहिला, अंगावर ओरखडा नाही.

डोरीनचा आवाज बदलला होता. ती म्हणाली, "व्हर्न, मी आजवर कधी मागं फिरले नाही. आज फिरू का?"

त्यानं डोळे दोनदा मिटले. कायदा म्हणजे कायदा. आणि मी, देव मला क्षमा करो, त्याला म्हणालो, "तू जरा लवकर मिटायचे होतेस ना." हे मी अशा माणसाला म्हणालो ज्याच्या हाती पापण्यांखेरीज काही उरलं नव्हतं. त्यानं माझ्यावरून नजर काढून छताकडे लावली. परिचारिका आली, वेळ संपल्याचं सांगून तिनं बरणी तपासली, आत सगळे फासे आहेत का ते मोजलं आणि सही घेतली.

तो मंगळवारी सकाळी गेला. अंथरुणात.

व्हर्ननं अंत्यविधीच्या सूचना हात चालत होते तेव्हाच लिहून ठेवल्या होत्या, परिशिष्टासकट. पेटी सगळ्यांसमोर खाली सोडावी. सोडल्यावर जमिनीपासून झाकणापर्यंतची खोली मोजून मोठ्यानं वाचावी. मोजपट्टी ऑरिन हॉगस्टाडनं, म्हणजे मी, धरावी, कारण तो एवढं तरी चुकणार नाही. हे वाचून पाद्री मला म्हणाले की मित्राचा तुमच्यावर किती विश्वास होता. डोरीननं पर्समधून घरचा तोच चिमटा काढला आणि निळा फासा व्हर्नच्या कोटाच्या खिशात ठेवला. व्हिनेगरचा वास आला असणार, पण सगळे समोर बघत राहिले.

दफनभूमीत बारीक पाऊस पडत होता, बर्फ विरघळून सगळीकडे चिखल. हार्लन कुस्तीच्या क्लबचं जाकीट घालून आला होता, माझ्या पाठीवर हात ठेवून उभा. मी रुमाल काढायला खिशात हात घातला तर लाल कार्ड हाताला लागलं. पुलावरच्या दिवशी तसंच खिशात राहिलं होतं. ओलं झालं होतं आणि पाठीवरचा कागद एका बाजूनं सुटला होता. मी तो उगाच नखानं ओढला, तो सगळाच निघून आला. खाली पेन्सिलीनं, त्याच्या त्या बारीक अक्षरात, तारीख होती, आमच्या गोष्टीच्या पहिल्या वर्षातली. आणि लिहिलं होतं:

'राखीव. फक्त थुडसाठी. तो वेडा नेहमी पुढंच उभा राहतो.'

मी ते दोनदा वाचलं. बावीस वर्षं. मी सँडविच खात होतो तेव्हासुद्धा. पाद्री म्हणत होते, "आता आपण आपल्या बंधूला मातीच्या..." आणि कडेच्या माणसानं पेटी खाली सोडायचा दांडा धरायला हात उचलला.

"थांबा," मी म्हणालो. "माझं प्रत्युत्तर."

त्याचा हात थांबला. पाद्री थांबले. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं आणि मार्लिसनं माझं कोपर घट्ट धरलं. खबरदारी म्हणून हार्लननं दुसरं. मला काय करायचं होतं कुणास ठाऊक. मी तिथं चिखलात कार्ड धरून उभा होतो आणि माझं नाक वाहत होतं. त्या शांततेत पलीकडच्या बाजूनं डोरीनचा आवाज आला, अगदी टेबलावर असायचा तसा, कोरडा.

"कोणता डाव?"

कार्ड माझ्या हातात होतं. सोबत्यावर पडणारा घाव आपण स्वतःवर घ्यायचा, असं पुढच्या बाजूला लिहिलं होतं. ते वाचायला दोन श्वासही लागले नसते. या वेळी तिच्याकडे वाळूचं घड्याळ नव्हतं, आणि ती थांबली. सगळे थांबले. मी तोंड उघडलं. मार्लिसचा हात माझ्या कोपरावर होता, गरम, आणि घरी भांड्यात सूप होतं, आणि मला ते वाचता आलं नाही.

"पाळी सोडतोस?" डोरीननं विचारलं. आता तिचा आवाज कोरडा नव्हता.

"सोडतो," मी म्हणालो.

त्या माणसानं दांडा फिरवला. पेटी टेकली तेव्हा मी गुडघ्यावर बसून मोजपट्टी खाली सोडली, टोक झाकणाला लागेपर्यंत. आकडा दोनदा बघून घेतला आणि मोठ्यानं वाचला. पाच फूट, एक इंच. डोरीननं तो वहीत लिहिला.